अंगठा

यंत्र सुरू होईपर्यंत माझी कॉफी पिऊन होते.
पूर्वी पाणी उकळायच्या आत यंत्र तयार असायचं.
फरक एवढाच, पण बारा वर्षांचा.

टेबलाखाली काळा खोका घरघरतो,
खिडकीबाहेर लिएपायाचा वारा.
वारा म्हणे आमच्याच गावात जन्मतो;
काही रात्री कळत नाही
कोण कुणाला ओ देतंय.

भाचा ग्विदो रीगाहून आला,
गुडघ्यांवर बसला, टॉर्च मारला,
डॉक्टर घसा बघतात तसं आत बघितलं.
"मावशी, ह्याच्यावर नवी विंडोज चढायची नाही.
बोर्ड बदलला की प्रोसेसर बदलायचा,
प्रोसेसर बदलला की रॅम,
मग पॉवर सप्लाय पुरणार नाही..."
"मग जुनं काय उरेल?"
त्यानं खरंच विचार केला.
"खोका. आणि बहुतेक डीव्हीडी ड्राइव्ह."

पाकिटाच्या पाठीवर त्यानं आकडा लिहिला.
मी तो बर्चच्या सरपणात मोजला:
डिसेंबर, जानेवारी,
फेब्रुवारीचे बरेचसे दिवस.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

पण कोंबडीच्या पोटात काय आहे
ते त्याला ठाऊक नाही.
दोनशे चौदा हातमोजे.
नीत्साचे, रुत्सावाचे, अल्सुंगाच्या सुइटी बायकांचे,
चौकोन चौकोन भरत उतरवून घेतलेले.
एकशे सदतिसावा मिर्द्झाच्या पेटीतला, फक्त डावा;
उजवा एकोणपन्नासच्या मार्चमध्ये
तिच्या वडिलांच्या हातात सायबेरियाला गेला,
डावा घाईत सापडला नव्हता.
नक्षी उघडते ती एकाच प्रोग्राममध्ये,
तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली.
ग्विदोच्या लॅपटॉपवर करून बघितलं:
पांढरा पडदा, बस.

हातमोज्याचा अंगठा आधी विरतो.
विणणाऱ्या कुणालाही विचारा.
तो उसवायचा, टाके सुईवर उचलायचे,
जवळच्या रंगाची लोकर घेऊन नवा विणायचा.
माझ्या एका जोडीला हे चौथे अंगठे.
हातमोजा तोच का, असं कुणी विचारत नाही,
बोटं गारठत नाहीत एवढं पुरतं.
ह्या खोक्याचं मात्र
अंगठा ओढावा तर
मनगटापर्यंत सगळं उसवत येतं.

तीन आठवडे घोंगडं भिजत पडलं.

मग एका रविवारी मीच झाकण काढलं.
पंख्यात राखाडी केस, नमद्यासारखे घट्ट.
मूरिस.
थंडीभर ह्या खोक्यावरच झोपायचा,
त्याला जाऊन पाच वर्षं झाली.
क्रोशाच्या सुईनं एकेक बोळा ओढून काढला.
फेकले नाहीत. लोकरच आहे शेवटी.

झाकण लावलं, बटण दाबलं.
पंखा इतका गप्प
की मला रेडिओ लावावा लागला.

मग एक एसएसडी घेतली, एकोणतीस युरोंची,
काड्यापेटीपेक्षा जरा मोठी.
दुकानातल्या पोरानं विचारलं, "बाकी काही?"
बाकी काही नाही.
आणि घरी येऊन
नेटची तार काढून गुंडाळून ठेवली.
बँक, बिलं, हवामान फोनवर बघेन.
ह्याला आता बाहेरचं काही कळायचं कारण नाही,
कुणी नवी विंडोज आणली, कुणी कुणाला हॅक केलं,
ह्याच्यापुरते फक्त चौकोन, भरलेले आणि रिकामे.
किती दिवस चालेल?
बोर्ड गेला की सगळंच गेलं, हे मला कळतं.
म्हणून रोज संध्याकाळी पाच नक्ष्या
कागदावर छापते. शाई महाग आहे.

ग्विदोला मेसेज केला:
फक्त अंगठा बदलला.

लगेच त्याचा फोन.
"मावशी, हाताला काय झालं?"